बॅटरीवरचं विमान

इंजिन निवडायची वेळ आली की रिमोटची छोटी विमानं उडवणाऱ्या आमच्यातला प्रत्येक जण पहिल्यांदा ताकद विचारतो. मग वजन, मग इंधनाचा खप. मी एवढंच विचारतो की आवाज कसा आहे. यावरून माझी भरपूर थट्टा झाली आहे. रेडिओवर चालणारं विमान घेतोयस की बाजाची पेटी, असं एकानं विचारलं होतं. मीही त्याला फाडकन उत्तर दिलं होतं, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

हे विमान मी सगळा पावसाळा खपून बांधलं. खोपोलीच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर माणसाला घरात दोनच जागा उरतात, टीव्हीसमोरची आणि बायकोच्या पायात येणारी. मी तिसरी काढली, मागच्या पडवीतली. बाल्साच्या हलक्या लाकडाच्या पट्ट्या हातानं चाचपत पंख जुळवले, वर कापड ताणून बसवलं. हे कसरतीचं विमान, म्हणजे हवेत कोलांट्या घेणारं, पाठीवर उलटं उडणारं. त्याचं नाक मात्र मी मोकळं ठेवलं होतं. इंजिन किती जड, त्यावर नाकाची लांबी आणि सगळ्या विमानाचा तोल ठरतो, त्यामुळे इंजिन ठरल्याशिवाय पुढचं काहीच करता येत नाही.

टू-स्ट्रोक हलकं आणि तापट, सतत किंचाळत असतं. पेट्रोलचं इंजिन एवढ्या विमानाला फार थोराड. मला फोर-स्ट्रोक हवं होतं. ते वजनाला जरा जास्त, पण आवाज भरदार आणि खरं बोलणारा. विमान चढायला लागलं की त्याला धाप लागते, खाली झेपावलं की ते सुटल्यासारखं मोकळं होतं, लांब जाताना एक सूर आणि परत येताना दुसरा. डोळे मिटूनही मी सांगू शकतो की विमानाचं नाक कुठे आहे.

सांगावं लागतंच. माझ्या दोन्ही डोळ्यांत मधोमध एक डाग बसला आहे. पनवेलच्या डॉक्टरनं तो पडद्याचा आजार आहे, आहे तेवढं टिकवू, परत मिळणार नाही, असं सांगितलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. आकाशात मला विमान दिसतं ते बोटानं पुसल्यासारखं. ते सुलटं आहे की पाठीवर, येतंय की जातंय, हे मी कानानं ठरवतो. बॅटरीची मोटर मात्र टेबलफॅनसारखी एका सुरात गुणगुणते. ती ज्या दिवशी नाकात बसेल, त्या दिवशी माझं उडवणं संपलं. हे बायकोला आणि माझ्या मित्राला, दोघांनाच ठाऊक होतं. निदान माझा तसा समज होता.

हा मित्र पोशीरचा. कारखान्यात आम्ही एका पाळीत होतो, विमानांचं वेडही एकदमच लागलं. भातकापणी झाली की त्याच्या शेतातली धसकटं काढून, फळी फिरवून आम्ही धावपट्टी करतो. आम्ही म्हणजे कर्जत-खोपोलीकडचे सातआठ जण. आणि दसऱ्याला त्याच्या ओटीवर इंजिनांची पूजा करतो. कारखान्यात यंत्रांची पूजा करायची सवय, ती सुटली नाही. पाटावर सगळ्यांची इंजिनं पुसून मांडायची, हळदकुंकू, झेंडू, मग चहा. आणि त्या सीझनला कोण कुठलं इंजिन लावणार हे तिथेच बोलायचं. पाटासमोर जे ठरलं ते वर्षभर मोडायचं नाही, हा आमचा नियम.

यंदा पाटावर बॅटऱ्या होत्या. एकही इंजिन नव्हतं. मी खाली वाकून हातानं चाचपून पाहिलं, कारण माझ्या डोळ्यांवर माझा भरवसा नाही. मित्र म्हणाला की कळंबच्या बाजूला गेल्या वर्षी रिसॉर्ट झालंय, त्यांची आवाजाबद्दल तक्रार आली आहे, यापुढे सगळ्यांनी बॅटरीच. एरवी स्क्रूच्या लांबीवरून तासभर भांडणारी ही माणसं, पण या वेळी लगेच कबूल झाली. सगळ्यांनी माना हलवल्या आणि आपट्याची पानं वाटली. माझ्या हातावर पान ठेवताना मित्र माझ्याकडे बघत होता की नाही, मला सांगता येणार नाही.

मी पेटलो होतो. शनिवार-रविवार पोहायला येणाऱ्या लोकांच्या झोपेसाठी आम्ही आमचं आभाळ मुकं करायचं? दुसऱ्या दिवशी बायकोच्या स्कूटरवर मागे बसून त्या रिसॉर्टवर गेलो. मॅनेजर तरुण होता, नम्र होता. त्यानं माझं सगळं भांडण शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला की आमच्याकडून तर काहीच तक्रार गेलेली नाही. उलट गेल्या वर्षी पाहुणे कुंपणाशी उभे राहून विमानं बघायचे, यंदा कधी सुरू होणार म्हणून आत्तापासून विचारतायत. बायको बाहेर आल्यावर म्हणाली, घरी जाऊ या. मी म्हटलं, पोशीरला चल.

मित्र अंगणात भात साठवायच्या रिकाम्या कणग्या उन्हात ठेवत होता. खोटं का बोललास, एवढंच मी विचारलं. त्यानं हात झटकले, ओटीच्या पायरीवर बसला. बायको गेटाबाहेरच थांबली होती.

"मग काय सांगायचं होतं रं तुला? तोंडावर सांगायचं, की तुला दिसत नाय, तू उडवू नको?"

मी म्हटलं की माझं गुपित तू चारचौघांत वाटलंस.

"मी कुणाला नाय बोललो. सगळ्यांना कळतं. तू विमान उतरवायला लागलास की अंगावर येईल म्हणून आमी सगळे झाडाखाली जाऊन उभे राहतो, ते तुला दिसत नाय." मग समजूत घालावी तसं म्हणाला, "एक सीझन आमी बॅटरीवर काढू म्हटलं. तू आपसूक थांबशील. मग पुढं बघू."

मला आंधळा म्हणाला असता तर मी त्याच्याशी भांडलो असतो, कदाचित हातही उचलला असता. पण हे लोक माझ्यासाठी वर्षभर आपली इंजिनं फडताळात ठेवायला तयार झाले होते, आणि माझ्या थांबण्याची मुदतही ठरवून बसले होते. एवढ्या चांगल्या माणसांवर राग तरी कसा काढायचा? भीक नको होती मला, आणि ती त्यांनी मला न सांगता घातली होती.

मी म्हटलं, पाटासमोरचं मोडा, इंजिनं लावा. मी येत नाही. तो म्हणाला, असं करू नको रं, तू नसलास तर आमाला काय मजा? बसायला ये, खुर्ची टाकतो, चहा घे. मी त्याला हात जोडले आणि स्कूटरवर बसलो.

तुळशीचं लग्न झालं आणि लग्नसराई सुरू झाली. बायकोच्या नात्यातलं एक लग्न कळंबला होतं. नेरळहून रिक्षा केली. पोशीरच्या फाट्याजवळ रस्त्यात म्हशी आडव्या आल्या आणि रिक्षा थांबली.

शेताकडून आवाज आले. एक नाही, सगळे. टू-स्ट्रोक, पेट्रोल, आणि त्यांच्यात एक नवं कोरं फोर-स्ट्रोक. ते वर चढत होतं, धाप लागत होती, मग माथ्यावर क्षणभर थबकून खाली मोकळं सुटलं. कोलांटी पूर्ण झाली आणि तिकडून आरोळी उठली. मित्राचाच आवाज होता. इतकं मनापासून आनंदलेलं मी त्याला बऱ्याच काळात ऐकलं नव्हतं.

बायकोनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि विचारलं, जरा थांबायचं का. मी म्हटलं, नको, मला बघून ते झाडाखाली जातील.