बोलायचं नाही असं ठरलं होतं

लग्नात पिस्तूल कशाला लागतं, असं आपल्याकडं कोणी विचारत नाही. घोडा लागतो, डीजे लागतो, तसं भोगटाकळीच्या व्यंकटरावांच्या घरच्या वरातीला पिस्तूल लागायचं. सरकारी कामांची कंत्राटं घेणारा गुत्तेदार माणूस, परवान्याचं हत्यार, सगळं कसं कायदेशीर. पुतण्याच्या वरातीत पोरांनी त्यांना खांद्यावर उचललं, त्यांनी हात वर करून बार काढले, लोकांनी शिट्ट्या मारल्या. मग खालचा खांदा हलला आणि पुढचा बार आभाळात गेला नाही.

तो बबिताला लागला. बबिता मेंढकाची पोर, अकरावीत शिकणारी. आईबाप मेंढरं घेऊन गंगाखेडकडं, ऊस तुटलेल्या रानांत खतासाठी मेंढरं बसवत फिरत होते. पोरगी कॉलेजसाठी गावात आजीजवळ राहायची आणि आजीपेक्षा जास्त वर्गमैत्रीण प्रियांकाच्या घरी राहायची. त्या संध्याकाळी दोघी रस्त्याच्या कडेला उभ्या राहून वरात बघत होत्या. बबिता एकदम खाली बसली. डीजेच्या दणक्यात कोणाला काही कळलं नाही. सकाळपासून उपाशी असेल, भोवळ आली असेल, असं बायका म्हणाल्या. कोणीतरी कांदा फोडून दिला. प्रियांका तिचं डोकं मांडीवर घेऊन तो कांदा तिच्या नाकाला लावत राहिली. कपडे डाळिंबी रंगाचे होते, त्यामुळं रक्त दिसलं नाही. हाताला ओलं लागलं तेव्हा ती किंचाळली, पण डीजे चालूच होता. जीप परभणीला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

गोळी लागलेल्या मैत्रिणीला आपण कांदा हुंगवत बसलो, हे प्रियांकाच्या जिवाला लागलं. कुणी कितीही समजावलं तरी ते निघेना. भाकरीबरोबर कांदा दिसला की ती ताटावरून उठायची.

पोलिसांच्या कागदावर गोळी अज्ञात माणसानं झाडली होती. अख्ख्या वरातीसमोर झाडलेली गोळी, आणि माणूस अज्ञात! ज्यांनी मोबाईलवर चित्रण केलं होतं त्यांनी ते दुसऱ्या दिवशी पुसून टाकलं. व्यंकटराव दहाव्याला आले, डोळे पुसले आणि बबिताच्या बापाला, रायभानला, म्हणाले की आता पोटासाठी गावोगाव फिरू नका, मेंढरं माझ्या रानात बसवा, कायमची. रायभाननं लिहून दिलं की आपला कोणावर संशय नाही. त्याला नावं ठेवायला कोणाचं काय जातं? पण मलाही त्याचा राग आला होता, खोटं कशाला सांगू.

प्रियांका काही पुढारीण नव्हती. वर्गात सरांनी प्रश्न विचारला तर उत्तर येत असूनही ओढणीचं टोक चावत उभी राहणारी पोरगी. बाप रामप्रसाद व्यंकटरावांच्याच ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. अशा घरातल्या पोरीला लहानपणापासून गप्प राहायचं वळण आपोआप लागतं. पण फोनवर तिला कुठल्याशा परदेशातली शाळकरी पोरं दिसली. त्यांच्या शाळेत कोणी गोळीबार केला होता आणि ती पोरं भर तासाला उठून, वर्ग सोडून रस्त्यावर आली होती. कोणी दगड उचलला नव्हता. तिनं ते कितीदा तरी बघितलं. आपल्याला एवढं तर करता येईल, असं तिला वाटलं. मागणी एकच ठरवली: त्या कागदावरचं 'अज्ञात' खोडून खरं नाव लिहा.

आधी तिनं मुलींना धरलं. नळावर, एसटीत, रिकाम्या तासाला एकेकीला गाठून सांगितलं. मुली तयार झाल्या, पोरं टाळाटाळ करत होती, कारण निम्मी त्या वरातीत नाचली होती. शेवटी महारुद्र आला. बारावीतला दांडगा पोरगा, आणि ज्यानं व्यंकटरावांना उचललं होतं तो खांदा त्याचाच. वरातीपासून तो कोणाशी धड बोलत नव्हता. तो हो म्हणाला तशी बाकीची पोरं मागं आली.

प्राचार्यांच्या कानावर गेलंच. त्यांनी तिला बोलावून प्रात्यक्षिकाचे गुण कोणाच्या हातात असतात याची गोड आठवण करून दिली. तिनं माघार घेतली नाही. फक्त नियम आणखी कडक केले. घोषणा नाहीत, एसटी अडवायची नाही, दोघादोघांनी कडेनं चालायचं, चौकीसमोर जमिनीवर बसायचं. आणि कोणी काही विचारलं, चिडवलं, शिवी दिली, तरी तोंड उघडायचं नाही. जो बोलेल तो एकटा सापडेल, सगळे गप्प राहिले तर कोणाला पकडणार? हे तिनं इतक्या वेळा घोकून घेतलं की पोरं तिला मुकी मास्तरीण म्हणायला लागली.

ठरलेल्या दिवशी दुसऱ्या तासाची घंटा झाली आणि प्रियांका उठली. क्षणभर तिला वाटलं, आपण एकटीच. मग बाकं सरकल्याचे आवाज यायला लागले. एका वर्गातून, मग शेजारच्या, मग वरच्या मजल्यावरच्या. ताडकळसच्या बाजाराला निघालेल्या बाया गाठोडी डोक्यावर घेऊन बघत थांबल्या. कुत्रंसुद्धा भुंकलं नाही, अशी शांत रांग होती ती. त्या अर्ध्या तासात प्रियांकाला वरातीनंतर पहिल्यांदा पोटभर श्वास घेता आला.

पोरं चौकीसमोर बसली. बबिताची आई केवळाबाई आधीच तिथं येऊन बसली होती. नवऱ्यानं लिहून दिलं होतं, तिनं नाही. प्रियांका तिच्याशेजारी बसली.

फौजदार बाहेर आला. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं टोपी काढली, पायरीवर उकिडवा बसला आणि म्हणाला, "नाव लिहायला मी तयार आहे. पण मी तिथं नव्हतो, तुम्ही होतात. ज्यानं पाहिलं त्यानं उठून सांगावं. आत्ता लिहितो."

कोणी उठलं नाही. इतकी पोरं, आणि सगळी आपापल्या चपला बघत बसली. प्रियांकानं महारुद्राकडं बघितलं. त्यानं मान आणखी खाली घातली. तोंड उघडायचं नाही असं तिनंच शिकवलं होतं, पण आता ते शिकवण्यामुळं होतं की भीतीमुळं, हे कोणाला ओळखता आलं नसतं. फौजदार वाट बघत राहिला. त्याला घाई नव्हती.

मग प्रियांका उठली. "मी पाह्यलंय," ती म्हणाली. "व्यंकटरावानं झाडली. मी तिथंच व्हते."

फौजदारानं तिचं वय विचारलं आणि बापाला बोलवायला माणूस धाडला. रामप्रसाद ट्रॅक्टर तसाच रस्त्यात उभा करून आला. हाताला चिखल होता. तो लेकीकडं न बघता फौजदाराला म्हणाला, "लेकरू हाय सायब. तिला काय दिसलं न्हाई." आणि तिचा दंड धरला. तो जोरात धरलेला नव्हता, चिखल तेवढा तिच्या बाहीला लागला. तिनं दंड सोडवून घेतला आणि केवळाबाईकडं वळली. आता ही बाई बोलेल, पोटची पोर गेलीय हिची, ही गप्प कशी राहील, असं तिला वाटलं.

केवळाबाई उठली. पदरानं प्रियांकाच्या तोंडावरचा घाम पुसला आणि म्हणाली, "घरी जाय माय. माझी गेली. मामाची तरी राहू दे."

गावाच्या नात्यानं केवळाबाई रामप्रसादला मामा म्हणायची. एवढं बोलून ती पुन्हा खाली बसली, आणि तिच्याकडं बघून पोरांना कळलं की आता उठायचं. पोरं उठली, दोघादोघांची रांग केली आणि आली तशी कडेकडेनं कॉलेजकडं परत चालू लागली, कोणी काही न बोलता. शेवटच्या तासाला हजेरी झाली.

प्रियांका आता बारावीत आहे. गाव तिला शहाणी पोर म्हणतं, व्यंकटरावसुद्धा म्हणतात. तिचं बोलणं फौजदारानं लिहून घेतलं नाही, कागदावर अजून अज्ञात आहे. तिला रडू येत नाही, राग येतो, आणि तो बापावर काढावा, महारुद्रावर काढावा की त्या पदरानं घाम पुसणाऱ्या बाईवर, हे तिला अजून ठरवता आलेलं नाही.