सुनंदाक्कांचा वाकडा गोंडा

बेंगळुरूला मी उतरले ती पाठीवर कॅमेरा आणि डोक्यात भरपूर शहाणपण घेऊन. माणसांच्या रोजच्या कामावरच्या माझ्या माहितीपटासाठी कच्छमधली विणकर आणि शिलाँगची पानवाली टिपून झाली होती. आता पाळी जे. पी. नगरातल्या सुनंदाक्कांची. त्या चिकपेटमधल्या दुकानांसाठी साड्यांच्या पदरांना कुच्चु (रेशमी गोंडे) बांधतात.

रिक्षावाले अण्णा म्हणाले, "स्वल्प (थोडं) ट्रॅफिक." इथलं थोडं पाऊण तासाचं असतं.

अक्कांचं घराणं तीन पिढ्यांपूर्वी साताऱ्याहून इकडे आलेलं. "आधी अक्की रोट्टी खा," म्हणत त्यांनी शेपू घातलेली तांदळाची गरम भाकरी वाढली. मी दोन खाल्ल्या, तिसरी नको नको म्हणत घेतली.

"एकच्या आत ही साडी द्यायचीय. नवरीकडची माणसं दोनला गावाला निघणार. आणि ह्या दुकानाचं माझं पहिलंच काम आहे बघा," त्या म्हणाल्या. मी मान डोलावली आणि लगेच विसरले.

त्यांची बोटं इतकी भराभर चालत, की कॅमेऱ्यात काही सापडेना. "अक्का, पुन्हा एकदा, जरा सावकाश?" त्या "सरी (बरं)" म्हणत. ऊन खिडकीत छान आलं, तेव्हा तर पुन्हा बांधताना टिपता यावं म्हणून मी त्यांना बांधून झालेले तीन गोंडे सोडायला लावले. पाहुणीला नाही कसं म्हणायचं? सुईच्या टोकानं एकेक गाठ उकलत त्यांनी ते सोडले.

साडेबाराला दुकानातून फोन आला. "बेगा बन्नी (लवकर या)!" अजून पाच गोंडे राहिले होते. अक्कांचा चेहरा उतरला आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कॅमेरा बंद केला, साडी तशीच घेऊन आम्ही निघालो आणि मेट्रोत मी त्यांच्या शेजारी पदर ताणून धरून बसले. समोरची एक मुलगी आपणहून दुसरं टोक धरायला आली. चार गोंडे झाले आणि चिकपेट आलंच. पाचवा, अक्का सांगत गेल्या तसा, स्टेशनच्या जिन्याशी उभ्याउभ्या मी बांधला.

दुकानात नवरीची आई ताटकळत उभी होती. साडी उलगडली आणि दुकानदाराचं बोट नेमकं माझ्या गोंड्यावर थांबलं. वाकडाच होता. मी तोंड उघडणार, तोच अक्कांनी माझं मनगट दाबलं आणि कन्नडमध्ये, आपलाच हात चुकला, असं सांगून टाकलं. नवरीच्या आईनं साडी घेतली. पुढच्या कामाविषयी दुकानदार मात्र "नोडोणा (बघू)" एवढंच म्हणाला.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "अक्का, का घेतलंत अंगावर?"

"साडी माझ्याकडे दिलेली. मग गोंडा कुणी का बांधेना, माझाच की. चला, स्वल्प कॉफी घेऊ, दमलात तुम्ही."

परतीच्या गाडीत चित्रीकरण पाहिलं. सोडायला लावलेले ते तीन गोंडे उन्हात फार देखणे दिसतात. पाहणारे वा वा करतील, आणि मला लाज वाटेल. पुण्याहून मी अक्कांना दोनदा फोन केला. कामाचं विचारलं की त्या मलाच विचारतात, "तुमचा सिनेमा झाला का?" दुकानातून बोलावणं आलेलं नाही, हे त्यांनी न सांगताच मला कळतं.