अर्ध्या तासाचा नेम

माझ्या सासूबाईंचं खुब्याचं हाड माझ्यामुळे मोडलं. घरात असं कोणी म्हणत नाही, उलट सगळे माझं कौतुक करतात. म्हणून मीच लिहून टाकते.

सुरुवात बँकेच्या रांगेत झाली. उभ्या उभ्या छाती धडधडायला लागली, हातांना मुंग्या आल्या, वाटलं, झालं, आता इथेच आडवी होणार. तपासण्यांमध्ये हृदय ठणठणीत निघालं. प्रेशर तेवढं वाढलेलं होतं. डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि एका समुपदेशकाकडे पाठवलं. ती माझ्या भाचीच्या वयाची मुलगी. घाटकोपरचं ऑफिस, नाहूरचं घर, सकाळचा डबा, संध्याकाळची भाजी, सगळं तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताई, रोज अर्धा तास फक्त स्वतःसाठी ठेवा. डोळे मिटून श्वासावर लक्ष द्यायचं. मोबाइलवर सूचना ऐकत करा, सोपं जाईल." पोर चांगली होती. फक्त आमचं घर किती खोल्यांचं आहे, हे तिने विचारलं नाही.

वन रूम किचन. माणसं तीन. आधी मी सरळ मार्गाने गेले. नवऱ्याला सांगितलं, मी रोज अर्धा तास नुसती बसणार आहे. तो म्हणाला, "बस ना, कोण नको म्हणतंय? फक्त आधी चहा टाक." मग गच्चीवर जाऊन पाहिलं, तर सोसायटीने कुलूप घातलेलं. खाली चालायला गेले, तर शेजारणी बरोबर यायला लागल्या आणि प्रत्येकीचं प्रेशर मला तोंडपाठ झालं. कशात काय नि फाटक्यात पाय.

एका रविवारी संध्याकाळी दिवा लावून स्वयंपाकघरातल्या देव्हाऱ्यापुढे जरा जास्त वेळ बसले होते. नवऱ्याने आपण होऊन टीव्हीचा आवाज कमी केला. मला काही न मागता तो स्वतः उठून पाणी प्यायला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रिकामी बसलेली बाई आमच्याकडे कोणाला बघवत नाही, पण देवापुढे बसलेल्या बाईला कोणी हात लावत नाही. दुसऱ्याच दिवशी मी जाहीर केलं, "मी जपाचा नेम धरलाय. रोज दिवेलागणीला अर्धा तास. मध्ये उठायचं नाही." कुठल्या देवाचा, हे कोणी विचारलंसुद्धा नाही.

मग रोज ऑफिसातून आले की हातपाय धुवायचे, दिवा लावायचा, स्वयंपाकघराचा पडदा ओढायचा आणि पाटावर बसायचं. हातात माळ, डोक्यावरून ओढणी, आणि ओढणीखाली कानात इअरफोन. 'श्वास आत, श्वास बाहेर.' लाज वाटत नव्हती असं नाही. पण हक्काने मागून मिळत नाही ते माणूस खोटं बोलून घेतं.

सासूबाई हरखल्या. मिलमधल्या माणसाशी लग्न करून त्या कोकणातून मुंबईत आल्या, आणि जन्मभर नेम पाळत जगल्या. आता सून मार्गाला लागली म्हणून त्यांनी माझी राखणच सुरू केली. पडद्याबाहेर खुर्ची टाकून बसायच्या. माझा ऑफिसचा दुसरा फोन उशीखाली दडपायच्या. कोणी आलं तर दारातूनच हळू आवाजात सांगायच्या, "सून जपाक बसली हा. मागसून ये." हळूहळू माझ्या खोट्या जपाला भावही आला. शेजारीण सांगून गेली, मुलाचा बारावीचा निकाल आहे, एक माळ त्याच्या नावाने ओढा.

खरं सांगायचं तर अडीच महिने मला काहीही जमलं नाही. श्वास आत घेताना डाळ भिजत घालायची आठवायची, बाहेर सोडताना साहेबांचा चेहरा दिसायचा. डोळे मिटून मी नुसती चरफडत बसायचे. आणि मग एका मंगळवारी जमलं. कसं, ते मला आजही सांगता येणार नाही. खांदे खाली आले, जबडा सुटला, डोकं रिकामं झालं. कित्येक वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं. सूचना संपल्यावरही मी पाच मिनिटं तशीच बसून राहिले, आणखी थोडं सुख म्हणून.

पडदा सारला तर सासूबाई जमिनीवर. एक पाय वेडावाकडा, तोंडात पदराचा बोळा. नवरा अजून कामावरून यायचा होता. दाराची बेल वाजली होती. दुसऱ्यांदा वाजून माझा नेम मोडू नये म्हणून त्या घाईने उठल्या आणि पायपुसण्यावरून घसरल्या. कुरिअरवाला तेवढ्यात निघूनही गेला. पंचवीस मिनिटं त्या तिथे पडून होत्या, माझ्यापासून चार हातांवर.

ऑपरेशन झालं, पण चालणं परत आलं नाही. पलंग हॉलमध्ये लावला. भेटायला येणारी प्रत्येक बाई म्हणायची, घरात जप चालू होता म्हणून निभावलं. नवराही म्हणाला, "तुझी पुण्याई यार, नाहीतर वाट लागली होती." मी चहा देत होते आणि आतून जळत होते. प्रेशरची गोळी दुप्पट झाली, धडधड परत आली.

शेवटी मला सहन होईना. एका सुट्टीच्या दुपारी त्यांची वेणी घालताना सांगून टाकलं, "आई, मी जप करत नव्हते. मी कानात लावून श्वास मोजत होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी खोटं बोलले."

त्या शांतपणे म्हणाल्या, "माका म्हायत होता गो. माळ एकाच जाग्यार असायची. कानातला ता काळा पण दिसायचा."

"मग तुम्ही रोज बाहेर बसून राखण कसली करत होता?"

"तुझी. म्हटलंय, दिसभर धावता, घटकाभर बसांदे."

"अहो, मग पडल्यावर तरी ओरडायचं ना!" मी त्यांच्यावर चिडले. रडू येत होतं म्हणून चिडले.

"पडलंय थंयसून पडद्याखाली तुझा तोंड दिसत होता. इतक्या वर्षांत पयल्यांदा निवांत दिसला." मग माझा हात बाजूला करून म्हणाल्या, "जा आता, बस जा. मी हाक मारूचंय नाय."

मी गेले नाही. त्यानंतर एकदाही बसले नाही. डोळे मिटले की त्या जमिनीवर पडलेल्या दिसतात, मग श्वास कसला नि काय. पण त्यांनी आपला शब्द पाळला आहे. तहान लागली तरी हाक मारत नाहीत, कूस बदलायची असली तरी नाही. चादर ओली झाली तरी छताकडे बघत गप्प पडून असतात. दर दहा मिनिटांनी मीच उठते आणि पांघरुणाखाली हात घालून बघते.