आठव्या वाघिणीचं उद्घाटन

"वाघिणींना हात लावायचा न्हाई, मास्तर. साहेबांच्या हातानं नारळ फुटल्याबिगर एक पेंढी खाली उतरायची न्हाई," चेअरमन उत्तमराव मला बजावून सांगत होते.

सकाळचे नऊ वाजले होते. साइडिंगला मालगाडीच्या आठ वाघिणी कडब्याने गच्च भरून उभ्या होत्या. समोर बैलगाड्यांची रांग. कडब्याचा वास आल्यामुळे बैल वाघिणींकडे तोंड करून हंबरत होते.

ही बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. मी परळीच्या बाजूला एका लहान स्टेशनवर स्टेशनमास्तर होतो. निजामाच्या काळातली दगडी इमारत, एक फलाट आणि एक साइडिंग, म्हणजे माल उतरवायचा बाजूचा रूळ. पूर्वी इथून कापसाच्या गाठी जायच्या म्हणून तो टाकलेला. त्या वर्षी कापूसच नव्हता, त्यामुळे साइडिंगवर रुळांचे सांधे बदलणाऱ्या पॉइंट्समन शेखमामूंच्या शेळ्या फिरायच्या. या स्टेशनचा इतिहास कोणी लिहिलाच, तर त्यात इमारत येईल, इंजिनं येतील. मला विचाराल तर त्याचा सगळ्यात मोठा दिवस हाच.

कडबा गावच्या सहकारी सोसायटीने मागवला होता. माल ज्याच्या नावावर आला त्याची डिलिव्हरी बुकात सही झाल्याशिवाय मला सील तोडता येत नाही. सही करणार उत्तमराव, आणि ते खिशातलं पेन काढायला तयार नव्हते. साहेब म्हणजे जिल्ह्यातले एक पुढारी. ते बीडहून निघालेत, एवढीच खबर होती.

तेवढ्यात कंट्रोलचा फोन आला. कंट्रोल म्हणजे सगळ्या गाड्या हलवणारं ऑफिस. त्यांच्यापुढे आमचं काही चालत नाही.

"तीनला इंजिन येईल. रिकाम्या वाघिणी तयार ठेवा. साइडिंग अडकली असेल तर पुढचा चारा दुसऱ्या स्टेशनला देऊ."

मी बाहेर येऊन उत्तमरावांना हे सांगितलं.

"आता येतीलच की साहेब!"

"हे तुम्ही सातलाही म्हणाला होतात."

अकरा वाजले तरी साहेबांचा पत्ता नव्हता. तेव्हा कौसाबाई पुढे आली. शेजाऱ्याच्या गाडीत बसून आली होती, कारण तिच्या जोडीतला एक बैल घरी बसून होता.

"चेअरमन, माझा पाखऱ्या दोन दिसापासून उठंना. आज पोटात काई न्हाई गेलं तर संपला. त्याच्याम्होरं काय साहेबाचं भाषन नेऊन टाकू?"

लोक हसले. ती हसली नाही. मला माझीच लाज वाटली. सकाळपासून मी नियमाच्या आडोशाला खुशाल बसून होतो.

"उत्तमराव," मी म्हटलं, "नारळ फोडायला वाघिणी किती लागतात?"

"किती म्हंजे? एक."

"मग आठवी साहेबांची. सात मोकळ्या करा."

"आन साहेबांनी इच्यारलं तर?"

"माझं नाव सांगा. फार तर बदली होईल."

उत्तमरावांनी कपाळावरचा घाम पुसला आणि सही केली. मग काय विचारता! सील तुटायचा अवकाश, माणसं तुटून पडली. दीडपर्यंत सात वाघिणी साफ. कौसाबाईच्या शेजाऱ्याची गाडी सगळ्यात आधी निघाली.

सव्वादोनला जीप आली. साहेबांनी आठव्या वाघिणीवर नारळ फोडला, एका गाईला पेंढी भरवली, फोटो झाला. मग त्यांचं लक्ष बाकीच्या रांगेकडे गेलं.

"मास्तर, या सात?"

"रिकाम्या आहेत, साहेब." मी खरं तेच सांगितलं.

साहेबांचा चेहरा लाल झाला. ते तसेच भाषणाला उभे राहिले. "सात डबे रिकामे पाठवून शेतकऱ्यांची थट्टा चालवलीय! आठच्या आठ भरून आणल्याशिवाय मी स्वस्थ बसणार नाही!" डोक्यात कडब्याच्या काड्या अडकलेली माणसं जोरजोरात टाळ्या पिटत होती. उत्तमराव जमिनीकडे बघत होते. माझं लक्ष घड्याळावर होतं.

वाघिणीला दोन्ही बाजूंना दारं असतात. भाषण अलीकडे चाललं होतं, तेव्हा शेखमामूंनी पलीकडचं दार उघडलं. साहेबांनी "जय महाराष्ट्र" म्हणेपर्यंत आठवीही मोकळी झाली. तीनला इंजिन आलं आणि सगळ्या घेऊन गेलं.

पुढच्या आठवड्यात कंट्रोलने ठरल्याप्रमाणे आठ भरलेल्या वाघिणी पाठवल्या. गावोगाव बोलबाला झाला, साहेबांनी शब्द पाळला! मला मात्र वरून पत्र आलं: सात वाघिणी रिकाम्या कशा आल्या, खुलासा करा. मी डिलिव्हरी बुकाची नक्कल पाठवली. बदली झाली नाही.

त्या दुसऱ्या खेपेला दिवस उजाडायलाच उत्तमराव पेन उघडून दारात हजर. "मास्तर, सही कुठं करू? आन साहेबांचा डबा कोनता ठिवायचा?"

"शेवटचा."

पुढे नोकरीत बरीच उद्घाटनं पाहिली. काम आधी उरकून घ्यायचं आणि पाहुण्यांसाठी थोडं राखून ठेवायचं, हा नियम रेल्वेच्या पुस्तकात नाही, पण मी शेवटपर्यंत पाळला.

त्या दुसऱ्या खेपेच्या सकाळी कौसाबाई स्वतःच्या गाडीतून आली. पाखऱ्याच्या बरगड्या मोजता येत होत्या, पण जू त्याच्या खांद्यावर होतं आणि तो चालत आला होता.