हेडफोनमधला आबांचा आवाज

भूतखेत, भास, संकेत… यातलं मी कधीच काही मानलं नाही. ग्वाल्हेरला एका शाळेत विज्ञान शिकवते; मुलांनी असलं काही विचारलं तर हसून उडवून लावायचे. म्हणून हे लिहिताना जरा संकोचच वाटतोय.

दुसऱ्या लाटेत मला आणि माझ्या सासऱ्यांना, आबांना, एकदमच कोविड झाला. मी आयसीयूतून परत आले. आबा आले नाहीत. घरी आल्यावर छातीत धडधड व्हायची, म्हणून डॉक्टरांनी इको आणि हृदयाचा एमआरआय करवला. रिपोर्ट आणायला मिस्टर गेले. "सगळं नॉर्मल आहे," म्हणाले. मी कागद पाहायलाही मागितला नाही. बावीस वर्षांचा संसार — कशाला मागेन?

पण जिना चढताना धाप लागायची ती लागायचीच. मिस्टर म्हणायचे, "मनातून काढून टाक." नणंद म्हणायची, "वहिनी, तुम्हाला आरामाची आदत पडली." हळूहळू मलाही तेच खरं वाटू लागलं. वरच्या मजल्यावरचे वर्ग सोडले आणि स्वतःलाच आळशी म्हणत राहिले.

गेल्या हिवाळ्यात वर्गातच चक्कर येऊन पडले. नव्या डॉक्टरांनी इको केला, तो बरा होता. तरी म्हणाले, हृदय पंप कसं करतंय ते इकोत दिसतं, पण स्नायूत आत व्रण असेल तर तो शिरेत डाय, म्हणजे रंगद्रव्य, टोचून केलेल्या एमआरआयमध्येच नीट कळतो.

ग्वाल्हेरच्या कंपू भागातलं एमआरआय सेंटर, दुपारचे तीन. मी मशीनच्या बोगद्यात आडवी, कानांवर हेडफोन. टेक्निशियन काचेपलीकडून सांगायचा, "साँस अंदर… रोकिए… छोड़िए." मध्येच मशीनची ठकठक थांबली. आणि त्याच हेडफोनमध्ये, खोकून खरखरीत झालेला आवाज —

"सूनबाई, पहिला रिपोर्ट माझ्या पगडीच्या डब्यात आहे."

बाहेर आल्यावर विचारलं, "भैया, बीच में मराठी में कौन बोला?"

"मराठी? दीदी, उस वक़्त तो मेरा माइक ही बंद था."

घरी आले. डबा कपाटावर होता. आबा गेल्यापासून मी त्याला हात लावला नव्हता. पगडीखाली लिफाफा होता. माझं नाव, हृदयाच्या स्नायूत व्रण, आणि सोबत डॉक्टरांची चिठ्ठी — औषधं लगेच सुरू करा, तीन महिन्यांनी दाखवा.

संध्याकाळी लिफाफा मिस्टरांसमोर ठेवला. ते खाली बघतच म्हणाले,

"आबांना नुकतंच पोहोचवून आलो होतो. तुझंही तसंच ऐकायची हिंमत नव्हती. वाटलं, होशील ठीक. मग नंतर सांगायचं कसं, तेच कळेना."

"मी जिन्यात धापा टाकत बसायचे, तेव्हाही तुम्हाला माहीत होतं."

त्यांनी लिफाफा हळूच माझ्याकडे सरकवला.

नव्या एमआरआयमध्येही तोच व्रण निघाला. औषधं आता सुरू आहेत. आधी झाली असती तर बरं होतं, एवढंच डॉक्टर म्हणाले.

आवाजाचं म्हणाल तर मी खूप डोकं चालवलं. मिस्टरांनी लिफाफा ठेवताना मी पाहिलं असेल? मी तर अंथरुणातून उठतही नव्हते. त्यांनीही कुणाला सांगितलं नव्हतं. आणि आबा — ते तर रिपोर्ट येण्याआधीच गेले होते.

हल्ली रिपोर्ट मी स्वतः आणते. तिथल्याच बाकावर बसून, शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. मिस्टर शेजारी बसलेले असतात. मी त्यांना दाखवत नाही.