टाळूवरची खपली आणि मामाची मांडी

तान्ह्या बाळाच्या टाळूवर खपली धरली की लोकांना खापर फोडायला आई लागते. बाप चालत नाही, हवापाणी चालत नाही. आईच लागते. माझी ताई बाळंतपणासाठी गंगापूर रोडमागच्या आमच्या कॉलनीत आली होती, तेव्हा हे मी रोज बघत होतो आणि रोज चिडत होतो.

चिडणं हे तसं माझं कामच. आमचा चार-सहा पोरांचा गट आहे, मी त्याची पत्रकं लिहितो. दवाखान्यात औषध का नाही, नळाला पाणी का नाही, असली. पत्रक लिहिणाऱ्याला एक खोड लागते: पहिल्या ओळीत दोषी कोण ते सांगायचं, शेवटच्या ओळीत जाब विचारायचा. घरातल्या घरात ही पद्धत फारशी चालत नाही, हे मला भाच्यानं शिकवलं.

तर भाचा. दिसायला देखणा, आवाज सभेत माईक नको असा. पण डोक्यावर पिवळसर, तेलकट, जाड खपली. खरवडीसारखी. टाळूवर जास्त, भुवयांतही थोडी. शेजारच्या काकू बघायला आल्या आणि बाळाकडे बघून झाल्यावर ताईकडे बघत म्हणाल्या, "पोटुशी असताना काय खाल्लंस गं? गरम पडलं वाटतं."

"काकू, पोटातलं डोक्यावर येतं का?" मी म्हणालो.

"तू गप रे. तुला कुठं पोर झालंय?"

त्या दिवसापासून बाळाच्या डोक्यावर टोपडं चढलं. उन्हाळा तोंडावर आलेला, आम्ही पंख्याखाली बनियनवर, आणि ते एवढंसं पोर कानटोपडं बांधून घामेजलेलं.

मीच ताईला बालरोगतज्ज्ञांकडे घेऊन गेलो. बाईंनी टोपडं काढलं, बघितलं आणि हसल्या. पुष्कळ बाळांना होतं, म्हणाल्या. दुखत नाही, खाजत नाही, कुणाला लागत नाही, आईच्या खाण्याशी काही संबंध नाही. काही महिन्यांत आपोआप जातं. तोवर अंघोळीच्या आधी थोडं तेल लावा, खपली मऊ होऊ द्या, मऊ ब्रश हलका फिरवा आणि बाळाच्या शाम्पूनं तेल धुऊन टाका. नखानं उकरू नका.

घरी येऊन ताईनं हे सगळं आईला सांगितलं. आईनं त्यातला एकच शब्द घेतला: तेल.

आमच्याकडे टाळू भरतात. बाळाच्या मऊ टाळूवर रोज तेल जिरवायचं, म्हणजे ती लवकर भरते. आई ते इमानेइतबारे करत होती. डॉक्टरांनीच सांगितलंय म्हटल्यावर दुपटीनं करू लागली. धुणं मात्र नाही. "टाळूवर पाणी ओतत नसतात. सर्दी होते." तेलावर तेल, त्यावर टोपडं, टोपड्यात घाम. खपली अशी जमली की वर डांबर टाकलं असतं तर रस्ता झाला असता, आणि महापालिकेपेक्षा बरा झाला असता.

"आई, 'लावा आणि धुवा' असं सांगितलंय. तू अर्ध्यावर थांबतेस."

"तुम्हां दोघांना असंच वाढवलं. गेलं का तुमचं डोकं वाया?"

"ह्याचं गेलं," ताई म्हणाली.

मग सटाण्याहून फोन आला. ताईच्या सासूबाईंचा. खपलीची बातमी तिकडे पोचली होती. कुणी पोचवली, हे मी पत्रकात छापू शकतो, पण काकू शेजारीच राहतात. सासूबाईंनी तोडगा काढला होता. रविवारी येतो. पाचव्या महिन्यात काढायचं जावळ तिसऱ्यातच काढून टाकू, एकदा वस्तरा फिरला की खपली केसांबरोबर जाईल. न्हाव्याला सांगून ठेवा. आणि मामाला म्हणावं, मांडी तयार ठेव.

हे मांडीचं प्रकरण असं: जावळ मामाच्या मांडीवरच काढतात. आमच्या घरात सकाळी बुद्धवंदना होते, मुहूर्त कुणी बघत नाही, पण मामाची मांडी लागते. कुणी विचारलं का, तर उत्तर, 'हौस.' 

ताईचा चेहरा उतरला. स्वयंपाकघरात आली, हळूच म्हणाली, "ए पत्रकवाल्या, त्या खपलीवर वस्तरा फिरवला तर कापेल रे. आणि नको म्हटलं तर म्हणतील, माहेरी लेकराचं डोकं धड ठेवता आलं नाही आणि वर तोंड करून बोलते. मला जन्मभर त्या घरात राहायचंय."

मी तिथल्या तिथे जाहीर केलं, "मी मांडी देणार नाही."

बाबा कचेरीत कारकून. फायलीवर शेरा मारावा तसे म्हणाले, "मांडी तुझी आहे. पण नाक माझं जाईल."

संप नुसता करून भागत नाही, काम करूनही दाखवावं लागतं. बाळाची अंघोळ मी माझ्याकडे घेतली. ताई तेल लावायची. थोड्या वेळानं मी ब्रश गोल गोल फिरवायचो, गालावर फिरवला तरी झोप लागेल असा. मग शाम्पू, मग कोमट पाणी, टाळूवरून, आईच्या डोळ्यांदेखत. पहिल्या दिवशी आई तोंड फिरवून बसली. दुसऱ्या दिवशी टॉवेल घेऊन उभी. नंतर तर मलाच ओरडायला लागली, "कानामागं राहिलाय शाम्पू, दिसत नाही का?" बाळाला सर्दी झाली नाही. ब्रशला मात्र पापुद्रे यायला लागले आणि खालून गुलाबी कातडी दिसायला लागली.

पण खपलीला रविवारची घाई नव्हती. शनिवारी कपाळाच्या वर एक जाड ठिगळ तसंच होतं. मी खोलीत गेलो तर ताई पाठमोरी, बाळ पदराखाली.

"ताई, नख."

तिनं हात मागे घेतला. "थोडंच राहिलंय रे. थोडंच."

"रक्त काढशील."

"मग उद्या दाखवू काय त्यांना?" ती रडायला लागली. मी तिची नखं कापून दिली. बाळाची नाही, तिची.

रविवारी सासूबाई आल्या. बरोबर दाजी, कांद्याची पिशवी आणि बाळासाठी पैंजण. बोलावलेला न्हावीही आला, हॉलमध्ये पेटी उघडून बसला. चहा झाला. मग सगळ्यांनी माझ्या मांडीकडे बघितलं.

मी उभाच राहिलो. उभ्या माणसाला मांडी नसते.

"हाऊ बसत नई का?" सासूबाईंनी माझ्याकडे बोट करून सटाण्याकडच्या बोलीत दाजींना विचारलं.

"गुडघा दुखतो त्याचा," बाबा म्हणाले.

"माझा गुडघा ठणठणीत आहे," मी म्हणालो. "प्रश्न असा आहे की, शतकानुशतकं आपल्या समाजात आईलाच..."

"तू बस खाली," ताई म्हणाली. "शतकं राहू दे."

ती पुढे आली. टोपड्याची गाठ सोडली आणि बाळाचं उघडं डोकं सासूबाईंसमोर धरलं. "आई, हे बघा. खूप होतं, आता एवढं राहिलंय. माझ्या खाण्यानं झालेलं नाही. डॉक्टर म्हणाल्या, आपोआप जाईल. पण यावर मी वस्तरा फिरवू देणार नाही."

सासूबाईंनी चष्मा लावला. बोट फिरवलं, हळू. मग विचारलं, "त्याले दुखस का?"

"नाही. वस्तरा लागला तर दुखेल."

त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला. मग न्हाव्याकडे वळल्या. "भाऊ, आला शेस तं यानी दाढी कर." यानी म्हणजे याची, दाजींची. दाढी ते हौसेनं वाढवत होते.

"आई, मन्ही काबरं?"

"बस."

दाजी गॅलरीत बसले. मांडी कुणाची लागली नाही. सासूबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "जावळ आम्हना घर काढू, डोकं साफ व्हयनं का. पन तवय तू बसशी."

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं, जाब विचारणारं. ताईनं माझ्याकडे बघितलं. मी बसलो. बसल्याबरोबर सासूबाईंनी बाळाला उचलून माझ्या मांडीवर ठेवलं, आणि विचारलं, तो ब्रश कसा फिरवतोस ते दाखव.

कपाळावरचं ठिगळ अजून होतं. हॉलमधल्या सगळ्यांना दिसत होतं. ताईनं टोपडं धुतलं आणि गॅलरीत दोरीवर टाकलं, काकूंच्या बाजूला. संध्याकाळी ते वाळलं, पण पुन्हा बाळाच्या डोक्यावर चढलं नाही.