चरबी श्वासातून जाते

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी मी बेलापूरला मावशीकडे राहत होते. श्रीरामपूरचं कॉलेज तिथून जवळ पडायचं. मावशीची पिठाची गिरणी होती, ती एकटीच चालवायची. त्या वर्षी तिचे गुडघे असे धरले की दळणाचा डबा उचलताना ती डोळे मिटून घ्यायची. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं.

मावशीने दुसऱ्याच दिवशी तेल बंद केलं. तूपही. भाज्या नुसत्या पाण्यात शिजू लागल्या आणि मीही त्या निमूट खाल्ल्या. महिन्याभराने, गिऱ्हाईक नाही असं बघून, ती धान्याच्या काट्यावर उभी राहिली. वजन दोन किलोंनी वाढलं होतं. खाली उतरून ती पोत्यावर बसली.

"तेल न्हाई, तूप न्हाई. मंग ही चरबी येती कुठनं?"

त्याच आठवड्यात सरांनी वर्गात शिकवलं, की गरजेपेक्षा जास्त साखर आली तर यकृत तिच्यातून फॅटी ॲसिड तयार करतं आणि त्यांची चरबी साठते. शिवाय साखर मिळतेय तोवर शरीर आधी तीच जाळतं, साठलेल्या चरबीला हात लावत नाही.

सुट्टीच्या दिवशी मी गिरणीत बसून राहिले. दळणासाठी थांबलेल्या प्रत्येक बाईबरोबर मावशी चहा घ्यायची; तेल सोडल्यापासून भूक त्यावरच भागवायची. संध्याकाळपर्यंत नऊ कप झाले, प्रत्येकात दोन चमचे साखर. मी तिला ते कप मोजून दाखवले आणि सरांनी शिकवलेलं सांगितलं.

"म्हंजी चरबी मीच बनवती? आतल्या आत?"

"हो. तुझं यकृत बनवतं."

ती उठून दळणाकडे वळली. मला वाटलं, उगाच दुखावलं तिला. दुसऱ्या दिवशी तिने साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवला आणि मला म्हणाली, "आता ती जाळायची कशी, ते बी सांग."

आम्ही पहाटे कालव्याच्या कडेने चालायला लागलो. सुरुवातीला पुलापर्यंत जाऊनच ती टेकायची. एकदा तिने विचारलं, "जळली म्हंजी जाती कुठं? राख तर दिसत न्हाई."

"थोड्या भागाचं पाणी होतं, आणि बाकीची वायू होऊन श्वासातून बाहेर पडते."

मावशी थांबली आणि जोरजोरात श्वास सोडू लागली. नुसत्या श्वासाने काही होत नाही, चालावं लागतं, हे सांगताना मला हसू आवरेना. मग तीही हसली, कमरेवर हात ठेवून, दम लागेपर्यंत.

दिवाळीपर्यंत काटा पाच किलोंनी खाली आला. गुडघे पूर्ण बरे झाले नाहीत, पण डबे ती पुन्हा सहज उचलू लागली. गिरणीत आलेल्या बायकांना ती समजावून सांगायची, "तेलाला कशाला नावं ठेवता? साखरंची चरबी आपुन सोताच बनवतो." आणि कुणी खरं मानलं नाही, तर माझ्याकडे बोट दाखवायची. "हिला इचारा. कॉलेजात शिकती."